वस्तीची पत कोण उभी करणार?

मार्च २०२२मध्ये आमच्या बडोद्याच्या महापालिकेने, म्हणजे इथल्या बोलण्यातल्या सेवासदनाने, कर्जरोखे काढून बाजारातून १०० कोटी रुपये उभे केले. व्याज ठरलं वर्षाला ७.१५ टक्के. पैसा सांडपाण्याच्या कामांसाठी हवा होता, आणि जितका मागितला त्यापेक्षा कितीतरी जास्त पैसा लावायला गुंतवणूकदार तयार होते.

त्याच सुमारास विश्वामित्रीच्या काठच्या एका वस्तीत धुणीभांडी करणाऱ्या एका बाईंना घरातला संडास गटाराच्या लाइनला जोडून घ्यायचा होता. खर्च १२,००० रुपये. त्यांना ते मिळाले शेकडा तीनने. शंभराला महिन्याला तीन रुपये, म्हणजे वर्षाला ३६ टक्के.

शहर एकच, काम एकाच गटाराचं. गटाराच्या एका टोकाला पैसा मिळतो तो सात टक्क्यांनी, दुसऱ्या टोकाला त्याच्या पाचपट दराने. त्या बाईंनी कर्ज अकरा महिन्यांत फेडलं आणि एकही हप्ता चुकवला नाही. तरीही पुढच्या खेपेला त्यांना दर तोच सांगितला गेला.

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली आणि निवृत्तीनंतर एका लहान ट्रस्टचे हिशेब लिहिते. देणगी द्यायची इच्छा असलेली भली माणसं येतात आणि विचारतात, ‘वस्तीत यंदा काय वाटू या?’ वह्या, दप्तरं, ब्लँकेटं, शिधा यांपैकी काहीही वाईट नाही. पण त्या बाईंचे १२,००० रुपये या यादीत कधीच येत नाहीत. त्यांना कुणी काही वाटावं अशी त्यांची अपेक्षा नव्हती, रास्त दरात कर्ज मिळावं एवढंच हवं होतं. दानाचा पैसा अशा ठिकाणी कसा उपयोगी पडतो, जगात आणि आपल्याकडे तो कसा वापरला गेला, आणि त्याचा निर्णय वस्तीतल्या माणसांनीच का घ्यावा, हे जमेल तितक्या सोप्या भाषेत सांगते.

पैसा स्वस्त कशाने होतो

सेवासदनाला पैसा स्वस्त मिळाला त्याची कारणं कागदावर दिसतात. कराचं उत्पन्न आहे, ताळेबंद आहे, पतमानांकन झालेलं आहे. शिवाय शहरांच्या पाणी-सांडपाणी सोयींसाठी असलेल्या अमृत योजनेत केंद्र सरकारने अशा रोख्यांना उत्तेजन द्यायचं ठरवलं होतं: १०० कोटींचे रोखे काढणाऱ्या शहराला १३ कोटी रुपये. शहरांनी बाजारातून कर्ज काढायला शिकावं, पहिल्या पावलाला त्यांना आधार मिळावा, हा त्यामागचा विचार. मला तो योग्यच वाटतो. महापालिकेला मिळणाऱ्या या रकमेला कुणी धर्मादाय म्हणत नाही.

वस्तीतल्या घराकडे यातलं काहीच नसतं. जागेचा कागद नाही, पगाराची पावती नाही, कर्जाचा इतिहास कुठे नोंदलेला नाही. त्यात रक्कम लहान. १२,००० रुपयांच्या कर्जाला बँकेत लागणारं कागदपत्र आणि माणसाचा वेळ जवळजवळ १२ लाखांच्या कर्जाइतकाच असतो. मग शाखेतला अधिकारी नाही म्हणून मोकळा होतो. मी स्वतः त्या खुर्चीत बसले आहे, त्यामुळे हे ऐकीव नाही. समोरचा माणूस पैसे बुडवणारच असं त्या अधिकाऱ्याला वाटत नसतं. त्याला माहीतच नसतं, आणि बँक माहीत नसलेला धोका मोठा धरूनच चालते. सावकाराला मात्र घर माहीत असतं, म्हणून तो देतो. देणारा तो एकटाच असल्यामुळे दरही तोच ठरवतो.

बडोद्याच्या मराठी घरांना ही कोंडी अनोळखी वाटू नये. आपले पणजोबा याच कोंडीत होते. ५ फेब्रुवारी १८८९ रोजी विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने इथे ‘अन्योन्य सहाय्यकारी मंडळी’ सुरू झाली. सभासदांनी थोडी थोडी रक्कम नियमाने साठवायची आणि अडलेल्याला त्यातून कर्ज द्यायचं. सहकारी पतसंस्थांचा कायदा देशात १९०४ साली झाला, म्हणजे ही मंडळी त्याच्या पंधरा वर्षं आधीची. देशातली पहिली सहकारी पतसंस्था म्हणून तिचं नाव घेतलं जातं. शंभराहून जास्त वर्षं चालल्यावर पुढे ती बँक म्हणून अडचणीत आली आणि बंद पडली, ठेवीदारांचे हाल झाले. तो धडाही याच गोष्टीचा भाग आहे आणि त्याकडे मी पुन्हा येणार आहे. तूर्त एवढंच लक्षात ठेवू, की ज्यांना बाहेर पत नव्हती त्यांनी एकमेकांना ओळखत असल्याच्या बळावर ती आपसात उभी केली. अहमदाबादला १९७४ साली सेवा बँक उभी राहिली तीही अशीच, ४,००० बायकांनी प्रत्येकी दहा रुपयांचा भाग घेऊन.

मग दानाच्या पैशाची गरज कुठे पडते? ओळखीवर जमणारा पैसा लहान असतो आणि गटार, पाणी, घर ही कामं मोठी असतात. मधलं अंतर भरायला बाहेरचा पैसा लागतो. तो कोणत्या रूपात येतो यावर पुढचं सगळं ठरतं.

एक गल्ली, चाळीस घरं

समजा एका गल्लीत ४० घरं आहेत. गल्लीतली लाइन, प्रत्येक घराची जोडणी आणि वरची फरसबंदी मिळून घरामागे १५,००० रुपये खर्च येतो. एकूण ६ लाख. आकडे मी समजण्यापुरते घेतले आहेत.

पहिली रीत सरळ आहे. एखादा दाता ६ लाखांचा चेक देतो, ठेकेदार काम करतो, नारळ फुटतो, फोटो निघतो. गल्ली झाली, पैसाही संपला. दोन वर्षांनी चेंबर तुंबला की सगळे विचारतात, दुरुस्ती कोण करणार? ज्याने बांधलं तो. आणि तो तर केव्हाच निघून गेलेला असतो.

आता दुसरी रीत पाहा. प्रत्येक घर वर्षभरात ५,००० रुपये साठवतं, त्याचे २ लाख होतात. राहिलेले ४ लाख, म्हणजे घरामागे १०,००० रुपये, एखादी पतसंस्था कर्जाऊ देते. ती अनोळखी वस्तीला का देईल? कारण दाता १ लाख रुपये मुदत ठेवीत ठेवतो आणि लिहून देतो, की कुणी कर्ज थकवलं तर आधी या एक लाखातून कापून घ्या. याला पहिला तोटा सोसणारा पैसा म्हणतात. आता समजा ४० पैकी ३६ घरांनी पूर्ण फेड केली आणि चार घरं निम्म्यावर अडली. कुणी आजारी पडलं, कुणाची नोकरी गेली. व्याज बाजूला ठेवलं तर बुडाले २०,००० रुपये. ते ठेवीतून गेले, ८०,००० उरले, आणि ते पुढच्या गल्लीच्या कामी आले.

म्हणजे पहिल्या रीतीत ६ लाखांत एक गल्ली होते. दुसऱ्या रीतीत तेच ६ लाख एकाच वेळी सहा गल्ल्यांच्या पाठीशी उभे राहू शकतात. माझ्या दृष्टीने त्याहून मोलाची गोष्ट आहे ती पतसंस्थेच्या वहीत ३६ घरांच्या नावापुढे लागलेली ‘फेडलं’ ही नोंद. पुढचं कर्ज मागताना हमी कमी लागते, काही वर्षांनी कदाचित लागतच नाही. दात्याच्या पैशातून पत तयार झाली, आणि ती गटारापेक्षा जास्त दिवस टिकते.

बाकीचे प्रकार थोडक्यात. फिरता निधी म्हणजे एकाने फेडलेला पैसा दुसऱ्याला देत राहायचा. भिशी लावणाऱ्या कुणालाही हा समजावून सांगावा लागत नाही. सौम्य कर्ज म्हणजे कमी व्याज आणि लांब मुदत. आणि निव्वळ अनुदान, जे परत येत नाही, तेही लागतंच. बैठका घेणारी कार्यकर्ती, हिशेब शिकवणारा माणूस, घरांचा आणि गल्ल्यांचा नकाशा काढणं यांचा खर्च कर्जातून निघत नाही, निघूही नये. दात्यांना मात्र नेमका हाच खर्च नको असतो. ‘पगारात पैसे घालू नका, कामात घाला’ असं मला दर वर्षी कुणीतरी सांगतं. पण त्या कार्यकर्तीच्या दोन वर्षांच्या चपला झिजल्याशिवाय ती ४० घरं एका चटईवर बसत नाहीत.

आणखी एक प्रकार सहसा लक्षात येत नाही. वस्तीतल्या लोकांनी सरकारी काम स्वतः करायला घेतलं, समजा सार्वजनिक संडास बांधायला घेतले, तर सरकार पैसे देतं ते काम झाल्यावर, टप्प्याटप्प्याने. मंजुरी असते पण बिल निघायला महिने लागतात. विटा आणि सिमेंट तर आज घ्यायचं असतं. मोठा ठेकेदार हे महिने आपल्या भांडवलावर काढतो, वस्तीचा गट तिथेच कोलमडतो. मुंबईची स्पार्क ही संस्था, झोपडपट्टीवासीयांचा महासंघ आणि महिला मिलन यांना हा अनुभव चांगलाच आला होता. २०००च्या आसपास पुण्यात शेकडो सार्वजनिक संडास बांधले गेले त्यात ही मंडळी होती. २००२मध्ये ब्रिटन आणि स्वीडनच्या मदतीतून ‘क्लिफ’ नावाची एक सोय उभी राहिली. मंजूर काम आणि हातात येणारं बिल यांच्या मधला काळ भरून काढायला ती पैसा पुरवायची. सरकारकडून पैसे आले की ते परत फिरायचे. पूल बांधण्याचंच काम, फक्त हा पूल मधल्या महिन्यांवर बांधायचा.

ठरवणार कोण

पैशाचं रूप बरोबर असलं तरी निर्णय बाहेर झाला तर सगळं वाकडं जातं. याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण अमेरिकेतल्या बॉस्टनचं आहे.

तिथे रॉक्सबरी भागात डडली स्ट्रीट नावाचा परिसर आहे. गोऱ्या वस्त्यांना घरासाठी कर्ज आणि काळ्यांच्या भागांना नकार, हे तिथे अनेक दशकं चाललं. १९३०च्या दशकातल्या सरकारी नकाशांवर असे भाग चक्क लाल रंगाने दाखवलेले असत. पैसा आटला, घरं पडकी झाली, अनेक जाळली गेली. १९८०च्या दशकापर्यंत तिथे १,३००च्या आसपास मोकळे प्लॉट होते आणि बाहेरचे लोक रात्री ट्रक आणून त्यात कचरा टाकत. १९८४मध्ये रायली फाउंडेशन या धर्मादाय संस्थेने तिथे काही करायचं ठरवलं. हेतू चांगला होता. संस्था, चर्च, सेवाकेंद्रं यांची समिती झाली, आराखडा झाला आणि तो रहिवाशांपुढे सभेत मांडला. लोक उठून उभे राहिले आणि विचारलं, या समितीत इथे राहणारे किती?

फाउंडेशनने तिथे जे केलं ते शिकण्यासारखं आहे. त्यांनी पैसा मागे घेतला नाही. आराखडा मागे घेतला. समितीची रचना बदलली आणि त्यात रहिवाशांचं बहुमत आलं. पहिली मोहीम लोकांनी निवडली ती कचऱ्याचे ट्रक बंद करण्याची. तज्ज्ञांच्या कागदात ती कधी पहिली आली नसती. १९८८मध्ये बॉस्टन शहराने या संस्थेला मोकळ्या जमिनी ताब्यात घेण्याचा अधिकार दिला, जो एरवी फक्त सरकारकडे असतो. जमीन घ्यायला फोर्ड फाउंडेशनने २० लाख डॉलर दिले, तेही कर्ज म्हणून. धर्मादाय संस्थेने दान देण्याऐवजी सवलतीचं कर्ज द्यायचं, ही वाट फोर्डने १९६८पासून चोखाळली होती. घेतलेली जमीन रहिवाशांच्या न्यासाकडे राहिली आणि वरची घरं लोकांची झाली. आज तिथे अशी २००हून जास्त घरं आहेत. ती परवडणाऱ्या दरातच विकावी लागतात, त्यामुळे परिसर सुधारला म्हणून मूळ माणसांना उठून जावं लागलं नाही.

हे वाचलं तेव्हा मला आपलीच एक जुनी रीत आठवली. सयाजीराव महाराजांनी १९१०पासून बडोदा संस्थानात गावोगाव वाचनालयं काढायचं मनावर घेतलं, तेव्हा सगळा खर्च संस्थानाने करायचा असं ठेवलं नाही. गावाने जितकी वर्गणी जमवावी, तितकीच रक्कम प्रांत पंचायतीने घालायची आणि तितकीच सरकारने. तीन सारखे वाटे. महाराजांकडे पैसा नव्हता थोडाच! पण ज्या गावाने वर्गणी काढली ते गाव ग्रंथपालाला जाब विचारतं.

आणि आता अहमदाबाद. १९९०च्या दशकाच्या मध्यावर तिथल्या महापालिकेने ‘परिवर्तन’ योजना आखली आणि पहिला प्रयोग संजयनगर या १८१ घरांच्या वस्तीत केला. वाटे पुन्हा तीन: घरामागे २,००० रुपये रहिवाशांचे, २,००० महापालिकेचे आणि २,००० खाजगी उद्योगाकडून, अरविंद मिलच्या ट्रस्टमार्फत. शिवाय प्रत्येक घराने देखभालीसाठी १०० रुपये वस्तीच्या मंडळाकडे ठेवायचे. ज्यांच्याकडे एकरकमी २,००० नव्हते त्यांना सेवा बँकेने कर्ज दिलं. लोकांना महापालिकेवर विश्वास नव्हता, म्हणून त्यांचा वाटा आधी सेवा बँकेत त्यांच्याच नावाने जमा राहिला. घराघरांत नळ आणि संडास आले, गटार, फरसबंदी, दिवे आले.

पण माझ्या मते या योजनेतली सर्वांत मोठी गुंतवणूक रुपयांत मोजता येत नाही. ती म्हणजे महापालिकेचं आश्वासन: दहा वर्षं तुम्हाला इथून हलवणार नाही. उद्या बुलडोझर येईल की काय या भीतीत जगणारा माणूस भिंतीला गिलावा करत नाही. आश्वासन मिळालं की तो स्वतःहून विटा आणतो, वर माळा चढवतो, पुढे दुकान काढतो. संजयनगरनंतरच्या वस्त्यांत कंपनीचा वाटाही महापालिकेनेच उचलला. तीन पायांतला एक सगळीकडे सारखा टिकत नाही, हेही यातून दिसलं.

एक आक्षेप, आणि तो खरा आहे

इथवर वाचून कुणी विचारेल, आम्ही दांडिया बाजारात राहतो, आमच्या पोळेतलं गटार काही आम्ही वर्गणी काढून बांधलं नाही. मग गरिबाने का बांधावं? त्याला कर्ज का काढायला लावता?

हा प्रश्न मला झोपू देत नाही आणि त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. जे उत्तर मला पटतं ते कराचीच्या ओरंगी वस्तीतून आलेलं आहे. तिथे १९८०मध्ये अख्तर हमीद खान यांनी काम सुरू केलं आणि आतलं व बाहेरचं अशी एक रेघ ओढली. घरातला संडास, गल्लीतली लाइन आणि गल्ल्या जोडणारी दुय्यम लाइन हे आतलं, ते लोकांनी करायचं. मुख्य नाला आणि सांडपाण्याचं शुद्धीकरण हे बाहेरचं, ते सरकारनेच करायचं. एकेक गल्ली हा एक गट. त्यांच्या प्रकल्पाने लोकांना पैसा दिला नाही, नकाशा, मोजमाप आणि साचे दिले. लोकांनी स्वतः केलेलं काम सरकारी दराच्या काही अंशातच झालं.

मी या रेघेत थोडा बदल करते. गल्लीतली लाइनसुद्धा सेवासदनाने घालावी, तो आपल्या सगळ्यांच्या कराचा पैसा आहे आणि वस्तीतला माणूसही साबणापासून सिमेंटपर्यंत प्रत्येक वस्तूवर कर भरतो. पण ती लाइन येईपर्यंत वीस वर्षं वाट पाहायची की आज अर्धं ओझं उचलायचं, हे ठरवण्याचा हक्क त्या गल्लीचा आहे, माझा नाही. म्हणून आमच्या ट्रस्टमध्ये मी एक गोष्ट धरून ठेवली आहे. दानाच्या पैशाने सेवासदनाची जबाबदारी कमी करायची नाही. बाहेरची लाइन मंजूर झाल्याचा कागद हातात आल्याशिवाय आतल्या कामाला हमी द्यायची नाही. नाहीतर घराघरातलं पाणी गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबतं आणि हप्ते मात्र चालू राहतात. इंदूरच्या १९९०च्या दशकातल्या झोपडपट्टी जाळे प्रकल्पाचं जगभर कौतुक झालं, १९९८मध्ये त्याला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कारही मिळाला. तरीही तिथे अनेक घरं लाइनला जोडलीच गेली नाहीत, अशी टीका झाली. पाइप जमिनीत असणं आणि घराचा संडास त्याला जोडलेला असणं यांत त्या बाईंच्या १२,००० रुपयांचं अंतर असतं.

कायद्याच्या चाळणीत

एवढं सगळं समजूनही पैसा वस्तीपर्यंत का पोचत नाही? बराचसा नियमांमुळे.

२०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना आपल्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के समाजकार्यावर खर्च करायला सांगितलं. ज्यांची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी काहीही भरतं त्यांना हे लागू आहे. २०१४पासून झोपडपट्टी भागाचा विकास हाही मान्य विषयांत आहे. आपल्या कारखान्याजवळच्या भागाला प्राधान्य द्यावं असंही कायदा म्हणतो. नंदेसरीपासून मकरपुऱ्यापर्यंत उद्योगांनी वेढलेल्या बडोद्याला हे चांगलंच सोयीचं आहे, आणि उद्योग, महापालिका व विद्यापीठ यांनी मिळून वस्त्यांत काम करण्याची परंपराही आपल्याकडे १९६६च्या बरोडा सिटिझन्स कौन्सिलपासून आहे.

पण हा पैसा घ्यायला नोंदणीकृत ट्रस्ट, संस्था किंवा ना-नफा कंपनी लागते. तिच्याकडे आयकराच्या नोंदण्या हव्यात, सहसा तीन वर्षांचा अनुभव हवा, कंपनी मंत्रालयाचा वेगळा नोंदणी क्रमांक हवा. वस्तीतल्या बायकांच्या गटाकडे एक वही आणि एक पत्र्याची पेटी असते. मग मध्ये कुणीतरी ट्रस्ट लागतो आणि जिथे मध्यस्थ येतो तिथे निर्णयही हळूहळू त्याच्याकडे सरकतो. शिवाय चालू प्रकल्पाला सुरुवातीच्या वर्षानंतर जास्तीत जास्त तीन वर्षं मिळतात. ४० घरांचा विश्वास बसायलाच दोन वर्षं जातात हे वर लिहिलंच आहे.

परदेशी देणग्यांचा मार्ग २०२० नंतर आणखी अरुंद झाला. ज्या संस्थेला देणगी मिळाली तिने ती दुसऱ्या संस्थेला पुढे द्यायची नाही आणि प्रशासनावर २० टक्क्यांहून जास्त खर्च करायचा नाही. मोठी संस्था निधी आणते आणि वस्तीतल्या लहान संस्थेला देते, ही साखळी त्यामुळे तुटली. आपल्याकडच्या धर्मादाय ट्रस्टलाही आपली शिल्लक आयकर कायद्याने ठरवलेल्या जागीच ठेवता येते. ती वस्तीच्या पतसंस्थेत भागभांडवल म्हणून टाकावी म्हटलं तर सहज जमत नाही. फोर्डने १९६८मध्ये केलं ते म्हणूनच इथे तसंच्या तसं उचलता येत नाही.

सामाजिक शेअर बाजाराचा, म्हणजे समाजकार्य करणाऱ्या संस्थांनी निधी उभारण्याच्या बाजाराचा, एक नवा मार्ग निघाला आहे. २०१९च्या अर्थसंकल्पात घोषणा झाली, २०२२मध्ये सेबी या बाजार नियामकाचे नियम आले आणि डिसेंबर २०२३मध्ये बेंगळुरूच्या उन्नती फाउंडेशनचा पहिला रोखा तिथे नोंदला गेला. तिथे जो रोखा विकला जातो त्यावर व्याज नाही आणि मुद्दलही परत नाही. मग तो घ्यायचा कशाला? तर संस्थेने पैशाचं काय केलं याचा ठरावीक नमुन्यात जाहीर हिशेब मिळतो म्हणून. कल्पना चांगली आहे. पण किमान ५० लाखांची उभारणी करावी लागते. आमच्या गल्लीचे ४ लाख त्या दारातून आत जात नाहीत.

देणाऱ्याने काय विचारावं

कुणी देणगी घेऊन आलं की आता मी त्यांनाच प्रश्न विचारते. तुमचा पैसा किती वर्षं थांबू शकतो? बुडाला तर चालेल का, किती बुडाला तर चालेल? वस्तीने तुमच्या मनातलं सोडून दुसरंच काम निवडलं तर? शेवटच्या प्रश्नाला बरेच जण गप्प होतात. ऑगस्ट २०२४च्या पुरानंतर एका सद्गृहस्थांना वस्तीत अभ्यासिका बांधून द्यायची होती. बायकांनी बैठकीत सांगितलं, आधी विजेचे मीटर पुराच्या पाण्याच्या वर उचलून लावा, कारण शॉकच्या भीतीने आम्ही मुलांना घेऊन रात्रभर गच्चीवर होतो. गृहस्थ थोडे नाराज झाले, मग स्वतः येऊन पाण्याची खूण भिंतीवर पाहून गेले आणि पैसे मीटरला दिले. अभ्यासिका अजून झालेली नाही.

वस्तीलाही प्रश्न विचारावे लागतात, आणि इथे अन्योन्य मंडळीचा धडा येतो. एकमेकांच्या ओळखीवर उभी राहिलेली संस्था मोठी झाली आणि हिशेब चार लोकांच्या टेबलावर गेला, की ओळख उपयोगी पडत नाही. ‘वस्तीचा निर्णय’ म्हणजे वस्तीतल्या दोन दादा लोकांचा निर्णय असंही होऊ शकतं. भाडेकरूंना बोलावलं का? एकट्या बाईचं घर यादीत आहे का? थकबाकीदाराचं नाव नेत्याचा भाऊ म्हणून गाळलं का? यावर मला एकच इलाज कामी येताना दिसला आहे. महिन्यातून एकदा वही सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची, प्रत्येक नाव, प्रत्येक रक्कम. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाच आपला आकडा सर्वांत पक्का पाठ असतो, आणि चूक त्याच पकडतात.

आमची वही आता १२,००० रुपये शेकडा तीनने घेणाऱ्या त्याच बाई सांभाळतात. दोन गल्ल्या झाल्या. हमीच्या ठेवीतून आजवर एका घराचे हप्ते गेले, तिथे कमावता मुलगा अपघातात गेला होता आणि ते पैसे मागायचे नाहीत असं बैठकीत एकमताने ठरलं. या महिन्यात वही तिसऱ्या गल्लीत गेली आहे. रविवारी सकाळी दहाला बसायचं आहे. ३१ घरं तयार आहेत, दोन घरांनी अजून हो म्हटलेलं नाही. लाइन त्यांच्या भिंतीच्या पायाला लागून जाणार आहे, आणि मागच्या पुरात त्याच बाजूची भिंत खचली होती. सेवासदनाच्या इंजिनिअरना येऊन पाया पाहून जा म्हणून सांगितलं आहे. ते आले तर खणायला सुरुवात, नाहीतर आणखी एक रविवार थांबायचं असं गल्लीनेच ठरवलं आहे.